लोखंडाचे दात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



सांगोल्याच्या किंवा खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात ज्यांनी एखादा दिवस काढला असेल, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. तिथे बैलाचं वय तोंडी सांगितलेलं कोणी मानत नाही. गिऱ्हाईक पुढे होतं, बैलाचा खालचा ओठ दाबतं आणि दात बघतं. दुधाचे दात असतील तर आदत, दोन पक्के आले असतील तर दुसा, चार आले तर चौसा, आणि सगळे आले तर जुळला. मालक काय म्हणतो, शिंगांना रंग कोणता लावलाय, अंगावर झूल कसली आहे, हे सगळं नंतर. आधी दात.

आज मला बोलायचंय ते जुन्या ट्रॅक्टरविषयी. शेतात नांगरण्यासाठी घ्यायच्या ट्रॅक्टरविषयी नव्हे, तर हौसेनं जपण्यासाठी घ्यायच्या, पन्नास-साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरविषयी. असा ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्या माणसाची गत बाजारातल्या गिऱ्हाइकासारखीच असते. रंग नवा असतो, मालकाची जीभ गोड असते आणि वय कोणालाच नक्की माहीत नसतं. पण लोखंडालाही दात असतात. ते कुठे बघायचे, एवढं कळलं पाहिजे.

मी हे बोलतोय, तेव्हा तुम्ही विचाराल की कविता लिहिणाऱ्या माणसाचा ट्रॅक्टरशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जरा आडवळणाचा आहे. आमचं घराणं नालबंदांचं. माझे आजोबा आणि अब्बा बैलांना पत्री मारायचे. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. दोरानं बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासायचा आणि खिळे असे ठोकायचे की पत्री घट्ट बसेल, पण खिळा जिवंत मांसाला लागणार नाही. दसरा झाला, साखर कारखान्याच्या ऊसगाड्या निघायच्या झाल्या की आमच्या दारात बैलांची रांग लागायची. डांबरी रस्त्यावर पत्रीशिवाय बैल टिकत नाही.

मग ट्रॅक्टर वाढले. रांग एकदम तुटली नाही, वर्षावर्षानं आखूड होत गेली. कारखान्याच्या बैलगाड्या राहिल्या म्हणून आमची चूल काही वर्षं जास्त पेटली. पुढे ऊसही ट्रॉलीत बसून जायला लागला. तेव्हा अब्बांनी त्याच ऐरणीवर ट्रॉलीच्या पिना घडवायला घेतल्या. त्यांनी ट्रॅक्टरला कधी शिव्या दिल्याचं मला आठवत नाही. ज्यानं गिऱ्हाईक नेलं, तेच आता नवं गिऱ्हाईक आहे, एवढाच हिशेब. मी बी.ए. झालो, नोकरीला लागलो, कविता करायला लागलो. पण ज्या यंत्रानं आमच्या घराचा धंदा बदलून टाकला ते यंत्र आतून आहे तरी कसं, ही उत्सुकता डोक्यातून गेली नाही. आज माझ्याकडे अडीच ट्रॅक्टर आहेत. दोन पूर्ण, आणि एकाचं मागचं धूड. ते मेहुण्याच्या गोठ्यात असतात, कारण गोठा रिकामा आहे. आमच्या घरात यावर एक वाक्य कायमचं ठरलेलं आहे: ‘‘शेत पाव एकर नाही, ट्रॅक्टर मात्र अडीच!’’

असो. मुद्द्यावर येतो.

जुना ट्रॅक्टर ओळखायचा तर आधी आपल्या मुलखात कोणते ट्रॅक्टर येऊ शकत होते, हे माहीत हवं. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे ट्रॅक्टर बनत नव्हते, सगळे परदेशातून यायचे. १९४९ मध्ये जागतिक बँकेनं भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते मुख्यतः मध्य भारतातल्या खोल मुळांच्या कांस गवतानं गिळलेल्या जमिनी ट्रॅक्टरनं मोकळ्या करण्यासाठी. आपल्याकडे जसा कुंदा आणि हरळी, तसंच ते गवत. बैलाच्या नांगराला दाद न देणारं. १९५१ च्या सुमारास साऱ्या देशात मिळून जेमतेम साडेआठ हजार ट्रॅक्टर होते. म्हणजे त्या काळी गावात ट्रॅक्टर आला, तर पोरं शाळा सोडून बघायला धावत असतील यात नवल नाही.

देशी उत्पादन सुरू झालं ते १९६० च्या आगेमागे. १९५९ मध्ये फरिदाबादला जर्मनीच्या आयशर कंपनीच्या सहकार्यानं पहिला आयशर बाहेर पडला. १९६० मध्ये मद्रासला टॅफे ही कंपनी मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानं निघाली. १९६३ मध्ये आपल्या मुंबईत महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली, आणि कांदिवलीच्या कारखान्यातून ‘बी २७५’ हा लाल ट्रॅक्टर महाराष्ट्राच्या शिवारात उतरला. १९७१ मध्ये पिंजोरला एचएमटीनं झेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरच्या धर्तीवर ट्रॅक्टर बनवायला घेतले. आणि १९७४ मध्ये पंजाबातून ‘स्वराज ७२४’ आला. त्याचा मूळ आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी केलेला होता.

ही सनावळी पाठ करण्यासाठी सांगितली नाही. तिचा उपयोग वेगळा आहे. समजा, कोणी तुम्हाला सांगितलं की हा बी २७५ आमच्या वडिलांनी १९५५ साली घेतला. तर हसायचं नाही, पण मनात नोंद करायची की हे शक्य नाही. इंग्लंडमध्येसुद्धा बी २७५ निघाला तो १९५८ मध्ये. वडिलांचं नाव खरं असेल, ट्रॅक्टरही खरा असेल, साल मात्र आठवणीनं मागे ढकललेलं असतं. आठवण ही नेहमी थोडी आधी जन्मते.

आता एकच ट्रॅक्टर उदाहरणाला घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. हौशी मंडळींचा जगभरचा लाडका ट्रॅक्टर म्हणजे करड्या रंगाचा फर्ग्युसन, नमुना ‘टीई २०’. आयर्लंडच्या शेतकरी घरात १८८४ मध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन यांची ही निर्मिती. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला स्टँडर्ड मोटार कंपनीनं १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनवले.

फर्ग्युसनचं मोठेपण कशात आहे, ते ऐका. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे बैलाच्या मागे बांधावा तसा साखळीनं किंवा दांडीनं बांधत. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उठे आणि तो चालकाच्या अंगावर उलटे. माणसं मेली त्यात. फर्ग्युसननं नांगर तीन सांध्यांनी ट्रॅक्टरला जोडला, दोन खाली, एक वर. आणि तो तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टनं उचलता येईल असा केला. आता नांगर अडला की वरची दांडी ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबून धरते. आज आपल्या शिवारात दिसणारा कोणत्याही कंपनीचा, कोणत्याही रंगाचा ट्रॅक्टर मागून बघा. तेच तीन सांधे दिसतील. या जोडणीवरून फर्ग्युसन आणि अमेरिकेचा हेन्री फोर्ड यांचा १९३८ मध्ये नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला होता. कागद नव्हता. पुढे फोर्डच्या नातवाच्या काळात तो मोडला, कोर्टकज्जे झाले आणि १९५२ मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळून प्रकरण मिटलं. कागदाशिवाय सौदा करू नये, हा धडा ट्रॅक्टरच्या इतिहासातच लिहिलेला आहे. तो पुढे आपल्या कामाला येणार आहे.

हा टीई २० ओळखायचा कसा?

पहिली गोष्ट, रंगावर जाऊ नका. रंग ही झूल आहे. फर्ग्युसन कारखान्यातून करडाच निघाला. पण १९५८ पासून मॅसी फर्ग्युसनचं नाव आणि लाल रंग रूढ झाला, तेव्हा कित्येकांनी आपला करडा ट्रॅक्टर लाल करून घेतला. म्हणून बॉनेटच्या आतल्या बाजूला, सीटखाली, मडगार्डच्या वळचणीला नखानं किंवा नाण्यानं हलकंच खरवडून बघा. लालखाली निळा, निळ्याखाली करडा, असे थर निघतात. सर्वांत खालचा थर कारखान्याचा.

दुसरी गोष्ट, नंबराची पट्टी. टीई २० ला ती समोर, मीटरच्या पत्र्यावर असते. त्यावर टीई या अक्षरांपुढे एखादं अक्षर असेल तर ते इंजिनाचा प्रकार सांगतं. टीईए म्हणजे पेट्रोल. टीईडी म्हणजे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलसारख्या तेलावर चालवायचा. त्याच्या टाकीत दोन कप्पे असतात, एक लहान, एक मोठा. टीईएफ म्हणजे डिझेल, आणि तो १९५१ पासूनचा. अक्षरापुढच्या अंकावरून साल निघतं. १९५० च्या सुरुवातीला हे अंक एक लाख सोळा हजारांच्या घरात होते, १९५२ च्या सुरुवातीला दोन लाख एकेचाळीस हजारांच्या घरात. या याद्या छापलेल्या आहेत आणि मिळतात. म्हणजे पट्टीवर टीईएफ आणि पुढे ऐंशी हजारांचा आकडा असेल, तर ती पट्टी आणि तो आकडा एकत्र नांदू शकत नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि पट्टी मिळाली म्हणूनही खूश होऊ नका. पट्टीचे रिबीट बघा. पट्टी जुनी, झिजलेली आणि रिबीट मात्र चकचकीत, असं असेल तर ती दुसरीकडून आणून बसवलेली असू शकते. अगदी नव्या पट्ट्याही बाजारात करून मिळतात.

तिसरी गोष्ट म्हणजे ओतकाम. हेच खरे दात. या ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चासी नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल हे ओतीव लोखंडाचे तीन मोठे तुकडे बोल्टांनी जोडले की तोच त्याचा कणा. पट्टी बदलता येते, रंग बदलता येतो. पण ओततानाच उठवलेली अक्षरं बदलणं कठीण. तारेच्या ब्रशानं चिखल-ग्रीस काढलं की त्या ओतीव भागांवर भागाचा नंबर, ओतशाळेची खूण आणि काही कंपन्यांच्या ट्रॅक्टरवर ओतल्याच्या तारखेची सांकेतिक अक्षरंही दिसतात. इथे एक साधा तर्क लक्षात ठेवा. लोखंड आधी ओतलं जातं, ट्रॅक्टर नंतर जुळतो. म्हणून ओतकामाची तारीख ट्रॅक्टरच्या तारखेच्या थोडी आधीची असणार. ती नंतरची निघाली, तर तो भाग बदललेला आहे.

चौथी गोष्ट, पाने. इंग्रजी आणि अमेरिकी घराण्याच्या ट्रॅक्टरला इंचाचे पाने लागतात. झेटॉर, आयशर अशांना मिलिमीटरचे. फर्ग्युसन किंवा बी २७५ म्हणून दाखवलेल्या ट्रॅक्टरच्या मोठ्या जोडांवर मिलिमीटरचा पाना चपखल बसायला लागला, तर थांबा आणि पुन्हा बघा. फर्ग्युसनबरोबर एक खास पाना यायचा. त्या एकाच पान्यात ट्रॅक्टरची आणि औताची बहुतेक कामं व्हायची, आणि त्याच्या दांड्यावर इंचाच्या खुणा होत्या, म्हणजे नांगराचं माप त्यानंच घ्यायचं.

पाचवी गोष्ट, अंगावरचे दागिने. डायनॅमो, स्टार्टर, डिझेल पंप यांच्यावर नावं असतात. मूळच्या इंग्रजी ट्रॅक्टरवर लुकास किंवा सीएव्ही ही नावं सापडतात. पंपावर ‘मायको’ असेल, तर तो बंगळूरचा, भारतीय बनावटीचा. त्यानं ट्रॅक्टर खोटा ठरत नाही, फक्त दुरुस्ती इथं झाली हे कळतं.

आणि फर्ग्युसनची शेवटची खूण म्हणजे त्याची गिअरची दांडी. हिच्या जागांमध्ये ‘एस’ अशी एक जागा असते. वेगळं बटण नाही. दांडी तिकडे ढकलली की स्टार्टर लागतो. म्हणजे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चालूच होत नाही. चालकाचा जीव वाचवणारी ही सोय १९४६ सालची आहे.

ओळख पटली की मग प्रकृती. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत ट्रॅक्टर चालू करू नका. गरम इंजिन कुठलंही बरं वाटतं. गार इंजिनावर हात ठेवा आणि मग चालू करायला सांगा. निळा धूर निघत राहिला तर रिंगा आणि बोअर गेलेले, ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तेलाची पट्टी काढून बघा, तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. लिफ्टवर वजन ठेवून उचला, इंजिन बंद करा आणि चहा घ्या. चहा संपेपर्यंत वजन खाली टेकलं तर लिफ्टचं काम निघणार. पुढच्या एक्सलला वेल्डिंगचे टाके आहेत का बघा. आणि जाम झालेल्या इंजिनाला घाबरू नका, पण फुटलेल्या ब्लॉकला घाबरा.

मग येतात कागद. इथेच हौशी माणसं जास्त फसतात. शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन. त्याची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पन्नास वर्षांच्या ट्रॅक्टरचं ते बहुतेक वेळा झालेलं नसतं. नंबराची अक्षरंही बघा. १९८८ चा मोटार वाहन कायदा १९८९ मध्ये लागू झाल्यावर आपल्याकडे ‘एमएच’ची मालिका सुरू झाली, त्याआधीचे नंबर वेगळे. साठ सालच्या ट्रॅक्टरवर एमएच नंबर दिसला, तर त्याची नव्यानं नोंद कधी आणि कशावरून झाली ते विचारा. आरसी बुकावर बोजा आहे का बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकात पुष्कळ ट्रॅक्टर भूविकास बँकांच्या कर्जावर घेतलेले. त्या बँका बंद झाल्या, कर्ज फिटलंही असेल, पण बुकावरची नोंद कोणी काढलेली नसते. ती काढल्याशिवाय नाव बदलणार नाही. आणि कागद अजिबातच नसतील, तर तो ट्रॅक्टर गोठ्यात जपता येईल, रस्त्यावर आणता येणार नाही, हे धरूनच भाव करा. पण विक्रीचा लेखी करार मात्र हवाच. इसार दिला तरी पावती घ्या. फोर्ड-फर्ग्युसनचं हस्तांदोलन विसरू नका.

आता भावाचं. खालची पायरी म्हणजे भंगार. टीई २० चं वजन अकराशे-बाराशे किलोच्या आसपास. त्या दिवशीचा भंगाराचा दर त्याला गुणा. त्याखाली कोणी विकणार नाही. वरची पायरी म्हणजे मूळ इंजिनासह, पट्टीसह, कागदांसह चालू ट्रॅक्टर. मधल्या सगळ्या पायऱ्या माणुसकीच्या आहेत, असं मी म्हणतो. का ते सांगतो.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला एका वस्तीवर एक लाल ट्रॅक्टर तुरकाट्यांच्या ढिगामागे उभा आहे, असं कळलं म्हणून मी गेलो होतो. मालकीण ऐंशीच्या घरातल्या. पती जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला होता, इसार अजून घेतलेला नव्हता. बॉनेटवर कोणीतरी हातानं ‘मॅसी’ लिहिलेलं. पट्टी नव्हती, नुसती भोकं. पण गिअरच्या दांडीला ‘एस’ होता, सीटखाली करडा थर निघाला आणि मागचं धूड सगळं फर्ग्युसनचं. इंजिन मात्र वेगळं. गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामध्ये लेथवर कातलेली एक जाड रिंग, आणि इंजिनावर मद्रासच्या सिम्पसन कंपनीचं नाव. तीन सिलिंडरचं, पर्किन्स जातीचं. टीई २० ला पर्किन्सची इंजिनं इंग्लंडमध्येही बसवत, पण ही रिंग इथल्याच कुठल्या तरी मिस्त्रीच्या हातची होती.

मी म्हणालो, ‘‘मावशी, हा भंगारात घालू नका. जुना फर्ग्युसन आहे हा. पण एक सांगतो, पुरता अस्सल नाही. इंजिन दुसरं आहे.’’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘आमच्या मालकानं ह्याच्यावर तीन पोरींची लग्नं केली. हीर खांदली. आन् त्यो अस्सल न्हाई म्हनता व्हय?’’

मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर मूळ इंजिन बसलं. विलायती सामान मिळेना. मिरजेचा एक मिस्त्री आला, आठ दिवस वस्तीवर राहिला, जेवला आणि हे इंजिन बसवून गेला. त्याला पैसे दोन हप्त्यांत दिले, दुसरा हप्ता ज्वारीच्या रूपानं.

मी त्यांना तीन भाव सांगितले. भंगाराचा, चालू ट्रॅक्टरचा आणि हौशी माणूस देईल तो. तिसऱ्यावर त्यांचा विश्वास बसेना. म्हणाल्या, ‘‘पोराला फोन लावा.’’ लावला. मुलानं दोन दिवस घेतले, दोन ठिकाणी विचारलं आणि मग हो म्हणाला. माझ्या ओळखीच्या एका जाणकारानं मला वेड्यात काढलं; म्हणाला, भंगारापेक्षा हजार-दोन हजार जास्त दिले असते तरी म्हातारीनं दुवा दिला असता. दिला असता, खरं आहे. पण ज्याला दात बघता येतात आणि समोरच्याला येत नाहीत, त्यानं दात बघून गप्प बसणं ही खरेदी नव्हे. निघताना मावशींनी देवळीतून एक काळा पडलेला पाना काढून दिला. त्यावर इंचाच्या खुणा होत्या.

त्या ट्रॅक्टरवर मी नवी पट्टी लावलेली नाही. तिथली भोकं तशीच आहेत. इंजिनही बदललेलं नाही. मात्र मिरजेच्या मिस्त्रीची, ज्वारीच्या हप्त्याची हकिगत वहीत लिहून, मावशींच्या मुलाला वाचून दाखवून, त्याची सही घेऊन ठेवली आहे. कॉव्हेंट्रीला जुळलेला प्रत्येक ट्रॅक्टर दुसऱ्यासारखा होता. असा मात्र जगात एकच आहे. इंजिन बदललं हा खोटेपणा नाही. बदललेलं लपवलं तर खोटेपणा.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी खास नियम केले. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, वारसा म्हणून मान मिळतो. पण त्या व्याख्येत दुचाकी आणि प्रवासी मोटारी आहेत, ट्रॅक्टर नाही. संस्थानिकाची मोटार वारसा ठरली आणि ज्यानं कुंदा उपटला, विहिरीचा दगड ओढला, ऊस वाहिला, तो भंगार ठरला. १९५८ च्या जानेवारीत एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच फर्ग्युसन टीई २० ट्रॅक्टरवर बसून, चाकांना पट्टे चढवून. जे यंत्र ध्रुवापर्यंत गेलं, त्याला आपल्या नियमपुस्तकाच्या एका ओळीपर्यंत पोहोचता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं. ही मागणी फक्त हौशी लोकांची राहू नये. कृषी महाविद्यालयांनी, साखर कारखान्यांनी, बाजार समित्यांनी आपापल्या आवारात एकेक जुना ट्रॅक्टर त्याच्या हकिगतीसह उभा केला, तरी पुढच्या पिढीला कळेल की बैलापासून इथवर आपण कसे आलो. आणि त्याच्या शेजारी एखादा लाकडी नांगर आणि बैलाच्या आठ पत्र्या ठेवल्या, तर आमच्या घराण्याचीही नोंद होईल!

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या गोठ्यामागे, बांधावर, चिंचेखाली असा एखादा लोखंडी म्हातारा उभा असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तीन कामं करा. पट्टीचा आणि ओतकामाच्या नंबरांचा फोटो काढा. ट्रंकेत त्याचं बुक, पावत्या, जुना पाना आहे का शोधा. आणि घरातलं जे कोणी त्या सीटवर बसलेलं असेल, ते माणूस अजून आहे तोवर त्याच्याजवळ बसून विचारा: कधी आणला, कितीला आणला, पहिल्या दिवशी कोणतं रान नांगरलं? मग विकायचा तर खुशाल विका. पहिली दोन उत्तरं कागदांतूनही मिळू शकतील. तिसरं त्या माणसाबरोबर जातं.